फुटलेल्या गलबताचा मालक कोण?

जून १६७४ मधील गोष्ट. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. नजराण्याबरोबर त्याने तहाची कलमेही आणली होती. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई, राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारी घालण्याची परवानगी, आयात मालावर शेकडा अडीच टक्के जकात अशी ही वीस कलमे होती. महाराजांच्या वतीने निराजीपंत बोलणी करीत होते. दोन कलमे सोडून बाकी सर्व मान्य, असा निरोप आला. त्यांपैकी एक कलम नाण्यांचे होते. एकमेकांची नाणी एकमेकांच्या मुलखात चालावीत अशी इंग्रजांची मागणी होती. त्यासाठी वेगळे कलम घालण्याची गरज नाही, असे उत्तर मिळाले. दुसरे कलम मात्र अधिक अडचणीचे होते. इंग्रजांची किंवा मुंबईच्या रहिवाशांची गलबते महाराजांच्या किनाऱ्यावर फुटली, तर ती मालासह परत मिळावीत, असे ते कलम होते.

याला जे उत्तर मिळाले ते ऑक्झेंडनने लिहून ठेवले आहे. तुफानाने किनाऱ्याला लागलेले जहाज किंवा माल परत करणे कोकणच्या कायद्याला धरून नाही. ही सवलत इंग्रजांना दिली तर फ्रेंच, डच व इतर व्यापारीही ती मागतील. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रिवाज मोडल्याशिवाय ती देता येणार नाही.

राज्याभिषेकाच्या धामधुमीत, किल्ल्यांच्या व जकातीच्या वाटाघाटीत, फुटक्या जहाजांच्या कलमावर एवढी घासाघीस का व्हावी? जहाज फुटणे ही त्या काळी क्वचित घडणारी गोष्ट असती, तर कोणी हट्ट धरला नसता. शिडाच्या जहाजांच्या काळात कोकणच्या किनाऱ्यावर गलबत फुटणे हे शेतकऱ्याच्या आयुष्यातील अवर्षणासारखे होते. दरवर्षी येईलच असे नाही, पण हिशेबात धरावेच लागे. म्हणून आधी गलबते का फुटत ते पाहू, आणि मग फुटलेल्या गलबताचे काय होई ते पाहू.

वारा आणि किनारा

गलबत खोल समुद्रात बुडते अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात शिडाच्या जहाजाला खोल समुद्रापेक्षा किनाऱ्याचे भय अधिक. भर समुद्रात वादळ झाले तर शिडे उतरवून वाऱ्याबरोबर वाहत जाता येते. जागा भरपूर असते. पण वारा किनाऱ्याच्या दिशेने वाहत असेल आणि जहाज किनाऱ्याजवळ असेल, तर वाहत जाण्याला जागाच उरत नाही.

हे समजण्यासाठी थोडी भूमिती लागते. कोणतेही शिडाचे जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी काही कोन ठेवून, एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे असे नागमोडी जावे लागते. आपल्याकडच्या तिरक्या परबाणाच्या शिडाला हा कोन सुमारे ६० अंशांपर्यंत कमी करता येई. युरोपीय जहाजांच्या चौकोनी शिडांना तो ६५ ते ७० अंशांच्या खाली आणणे कठीण जाई. कोन ६० अंशांचा असेल तर १० किलोमीटर चालल्यावर वाऱ्याच्या दिशेने ५ किलोमीटरच पुढे सरकणे होते, कारण ६० अंशांची कोज्या ०.५ आहे.

पण हिशेब येथे संपत नाही. वारा जहाजाला पुढे ढकलतो तसा बाजूलाही ढकलतो. नाळ ज्या दिशेला आहे त्या दिशेने जहाज नेमके जात नाही, थोडे घसरत जाते. ही घसरण १५ अंशांची धरली तर प्रत्यक्ष कोन ७५ अंशांचा होतो आणि १० किलोमीटर चालून पदरात पडतात फक्त २.६ किलोमीटर. समुद्र खवळला, शिडे कमी करावी लागली आणि घसरण २५ अंशांवर गेली, तर उरतो एक किलोमीटरहूनही कमी. चौकोनी शिडांच्या जहाजाचा कोन ६७ अंशांचा असेल तर याच परिस्थितीत बेरीज ९० अंशांच्या पलीकडे जाते. म्हणजे तांडेलाने कितीही शर्थ केली तरी जहाज मागेच सरकत राहते.

वर्गात फळ्यावर कोनमापक घेऊन ही आकृती काढता येईल. किनाऱ्याची एक उभी रेषा, तिच्या पश्चिमेला १० किलोमीटरवर एक जहाज, आणि पश्चिमेकडून येणारा वारा. जहाज तासाला दोन किलोमीटर या वेगाने किनाऱ्याकडे सरकत असेल तर त्याच्या हाती पाच तास आहेत. एवढ्यात वारा फिरला नाही, नदीचे मुख किंवा एखाद्या बेटाचा आडोसा मिळाला नाही, तर शेवटचा भरवसा नांगराचा. नांगराचा काथ्याचा दोर कातळाच्या धारेवर घासून तुटला की सारे संपले.

आता नकाशा पाहा. कोकणचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे आणि जून ते सप्टेंबर या काळात वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. फळ्यावरची आकृती चार महिने जशीच्या तशी खरी होते.

मालवणचे खडक

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर यात आणखी एक भर पडते. मालवणच्या समोरचा समुद्र बुडीत व अर्धबुडीत खडकांनी भरलेला आहे. यांतल्याच कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. शेजारी पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट. या खडकांमधल्या वाटा ठाऊक असलेल्याला हे बंदर सुरक्षित, आणि ठाऊक नसलेल्याला ते सापळा. वाटाड्याशिवाय मोठे जहाज येथे आणणे हे धाडसच होते. दक्षिणेला निवतीच्या समोर समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक आहेत. त्यांच्यावर एकोणिसाव्या शतकात दीपगृह उभारावे लागले ते उगाच नव्हे.

खडकावर चढलेल्या जहाजाचे पुढे काय होणार, हे बरेचसे चंद्रावर अवलंबून असे. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक सुमारे दोन मीटरांचा असतो, भांगाच्या दिवसांत तो बराच कमी होतो. भांगाच्या भरतीला जहाज खडकावर अडकले तर आशा असते, कारण पुढच्या प्रत्येक भरतीचे पाणी थोडे अधिक चढते. पण ऐन उधाणाच्या भरतीला जहाज खडकावर चढले तर सव्वाबारा तासांनी येणारी पुढची भरती तेवढी चढेलच याची खात्री नाही. त्यानंतर आठवडाभर पाणी उतरतच जाते. तेवढे पाणी पुन्हा यायला सुमारे पंधरा दिवस लागतात, आणि तोपर्यंत लाटांचे दणके सोसून लाकडी सांगाडा टिकत नाही.

अशा वेळी खलाशी जहाज हलके करीत. आधी वजनी माल, मग नांगर, मग तोफा समुद्रात जात. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. समुद्रतळाशी तोफ सापडली म्हणजे तेथे जहाज बुडाले, असे लगेच म्हणता येत नाही. कदाचित तेथे जहाज वाचले असेल.

मृगाच्या आधी

या साऱ्याची जाण येथल्या लोकांना व राज्यकर्त्यांना होती. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. मृग लागण्याच्या आधीच आरमार छावणीस न्यावे, तेही उघड्या बंदरात नव्हे तर किल्ल्याच्या आश्रयाच्या सुरक्षित जागी, आणि दरवर्षी एकाच बंदरात नव्हे, असे त्यात बजावले आहे. व्यापारी गलबतेही खाड्यांत ओढून, शाकारून ठेवली जात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून नवा हंगाम सुरू होई. सणाच्या रूपाने जपलेला हा सुरक्षिततेचा नियमच होता.

मग नियम पाळूनही गलबते का फुटत? याचे एक कारण हंगामाच्या दोन टोकांना आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन काळांत होतात. म्हणजे पावसाळ्याआधी आणखी एक खेप करू म्हणणारा आणि पावसाळा संपताच सर्वांच्या आधी बंदर गाठू पाहणारा, हे दोघेही नेमके धोक्याच्या महिन्यात समुद्रावर असत. पण पहिल्या मालाला आणि शेवटच्या मालाला भाव अधिक मिळतो. नफा आणि धोका यांची गाठ येथे ऋतुचक्रानेच घालून ठेवली आहे.

दुसरे कारण म्हणजे निवळलेल्या हंगामातही वारा नेहमी सोयीचा नसतो. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून ८५ लहान व तीन मोठी जहाजे घेऊन दक्षिणेला बसरूरवर गेले. जाताना वायव्येचा वारा पाठीशी होता. परतताना तोच वारा तोंडावर आला आणि आरमार बरेच दिवस अडकून पडले, असे ग्रँट डफ लिहितो. आपल्या फळ्यावरच्या आकृतीचेच हे एक उदाहरण. रात्री जमिनीवरून वाहणारे मतलई वारे व दुपारचे खारे वारे यांचा मेळ घालून, थोडे थोडे अंतर कापत, मुक्काम करीत उत्तरेला यावे लागे. प्रत्येक मुक्काम म्हणजे खडकांमधून बंदरात शिरण्याचा आणखी एक प्रसंग.

तिसरे कारण म्हणजे माणूस. विजयदुर्गावर फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला एकत्र बांधलेले होते. एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून घेतलेले होते. त्याला लागलेली आग शेजारच्या जहाजांवर पसरत गेली आणि काही तासांत सारे आरमार जळाले. कोणत्याही वादळाने एका दिवसात या किनाऱ्यावरची इतकी जहाजे क्वचितच नेली असतील. समुद्राच्या तुफानापासून वाचण्यासाठी जहाजे एकमेकांना खेटून आश्रयाला ठेवावीत, हा शहाणपणा आगीच्या बाबतीत उलटला.

कोकणचा कायदा आणि जगाचा कायदा

आता पुन्हा रायगडावर जाऊ. किनाऱ्याला लागलेले जहाज राजाचे, हा रिवाज कोकणापुरता नव्हता. जगातील बऱ्याच किनाऱ्यांवर तो होता. इंग्लंडमध्येही बेवारस ठरलेल्या फुटक्या जहाजावर राजाचाच हक्क असे. वाद होता तो बेवारस कशाला म्हणायचे याबद्दल. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने याचे मोठे गमतीदार उत्तर दिले. जहाजातून माणूस, कुत्रा किंवा मांजर यांपैकी एक जरी जिवंत बाहेर आले, तरी ते जहाज बेवारस नव्हे. माल सांभाळून ठेवावा आणि एक वर्ष व एक दिवस या मुदतीत मालक आला तर त्याला द्यावा.

याच्या तीसेक वर्षे आधी आंध्रच्या किनाऱ्यावर काकतीय राजा गणपतिदेवाने मोटुपल्ली बंदरात एक शिलालेख कोरवला. त्याचा काळ शके ११६६, म्हणजे इ. स. १२४४-४५. परदेशी निघालेली गलबते तुफानाने आमच्या किनाऱ्याला लागली की पूर्वीचे राजे त्यांतले सारे सोने, हत्ती, घोडे, रत्ने जबरदस्तीने घेत असत. आम्ही मात्र ठरलेल्या जकातीखेरीज काहीही घेणार नाही, असे अभय त्यात दिले आहे. कारणही सांगितले आहे. हे व्यापारी जिवापेक्षा धन मोठे मानून समुद्राचा धोका पत्करतात, त्यांच्यावर दया केली पाहिजे. दोनशे वर्षांनी, १४४२-४३ मध्ये, कालिकतला आलेल्या इराणी वकील अब्दुर रझाकनेही असाच अनुभव नोंदवला. इतर बंदरांत वाऱ्याने भलतीकडे आलेले जहाज लुटतात. कालिकतला मात्र जहाज कोठूनही येवो, कोठेही जाणारे असो, त्याला इतरांसारखीच वागणूक मिळते.

दया हे कारण खरे असेलच, पण त्यामागे एक व्यवहारही होता. लुटीचे उत्पन्न एकदाच मिळते, जकातीचे दरवर्षी. जेथे फुटलेले जहाज सुरक्षित असते तेथे धड जहाजेही अधिक येतात. या किनाऱ्यावर जकातीचे महत्त्व फार जुने आहे. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण येथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराजाच्या शके ९३० (इ. स. १००८) च्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण मंदिराला लावून दिल्याचा उल्लेख आहे. वाघोटनच्या खाडीतून येणारे प्रत्येक गलबत म्हणजे एक सोन्याचे नाणे, असा हा साधा हिशेब.

मग शिवाजी महाराजांनी आधी नकार का दिला असावा? त्यांनी दिलेले कारण नीट वाचले तर त्यात लुटीचा लोभ दिसत नाही. एका परकीय कंपनीला रिवाजातून सूट दिली की ती सर्वांना द्यावी लागेल, ही राज्यकर्त्याची शंका आहे. शिवाय त्या समुद्रावर पोर्तुगीज स्वतःचे परवाने दिल्याशिवाय कोणाला फिरू देत नसत, आणि कोकणातील गलबते त्याच कारणाने पकडली जात. आपल्या किनाऱ्यावर कोणाचा कायदा चालतो, हे सांगण्याचे एक ठिकाण म्हणजे फुटलेले जहाज. ग्रँट डफने दिलेल्या सारांशानुसार अखेरच्या तहात फुटलेली जहाजे परत करण्याची तरतूद आली. रिवाज मोडला, पण तो वाटाघाटीने व लेखी कराराने मोडला. यापुढे फुटलेल्या जहाजाचे काय करायचे, हे किनाऱ्यावर आधी कोण पोचले यावर न राहता कागदावर ठरणार होते.

तळाशी काय उरते?

एवढी गलबते फुटली तर ती दिसत का नाहीत, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर जीवशास्त्रात आहे. उबदार खाऱ्या पाण्यात टेरेडो नावाचा शिंपल्यांच्या कुळातील प्राणी लाकूड पोखरतो. त्याला रोखण्यासाठी आपल्याकडे गलबतांच्या तळाला चुना व तेल यांचा लेप देत असत. सागवान इतर लाकडांपेक्षा अधिक काळ टिकते, पण तेही अमर नाही. वाळूत किंवा चिखलात गाडलेले लाकूड वाचते, कारण तेथे प्राणवायू पोचत नाही. मालवणसारख्या कातळी तळावर गाडले जाण्याची सोय नाही. दर पावसाळ्यात लाटा सारे चाळून काढतात. उरतात त्या जड आणि न कुजणाऱ्या वस्तू. विजयदुर्गाच्या पाण्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना दगडी नांगर मिळाले ते यामुळेच.

अशा वस्तूंवरून किती सांगता येते याचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. याच संस्थेच्या संशोधकांनी मार्मागोव्याजवळील सुंची खडकापाशी तोफा, नांगर, घडीव दगड, चिनी मातीची खापरे, मार्तबानी बरण्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात शोधून काढले. पाणघोडा आफ्रिकेचा. म्हणजे जहाजावरील मालाचा काही भाग आफ्रिकेतून आला होता. भाजलेल्या मातीत साठलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडते, आणि तिच्यावरून माती केव्हा भाजली हे कळते. या तापदीप्ती पद्धतीची खापरांना जोड देऊन हे जहाज सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील पोर्तुगीज व्यापारी जहाज असावे, असा निष्कर्ष निघाला. ऑक्झेंडन रायगड चढण्यापूर्वी काही दशकांची ही घटना.

गोव्यातच सेंट जॉर्ज खडकापाशी कौले, फरशा व खांबांचे भाजलेले भाग मिळाले. त्यांवर बासेल मिशनच्या कौलांच्या कारखान्याचा शिक्का व १८६५ हे साल आहे. हे जहाज १८६५ मध्ये बुडाले काय? नाही. मंगळूरच्या त्या कारखान्याचे ते स्थापनेचे साल. त्यावरून इतकेच म्हणता येते की जहाज १८६५ च्या आधी बुडालेले नाही. पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

आजचा मालक

भारतात १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याने फुटलेल्या जहाजाची वस्तू सापडल्यास ती सरकारी अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावी आणि मालकाने वर्षभरात हक्क सांगावा, अशी व्यवस्था केली. वेस्टमिन्स्टरचे ते ‘एक वर्ष’ सातशे वर्षांनी येथे पोचले. शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांबाबत युनेस्कोच्या २००१ च्या करारनाम्याने एक पाऊल पुढे टाकले. असे अवशेष शक्यतो जागीच राखावेत, त्यांचा व्यापार करू नये, असे तो सांगतो. म्हणजे जहाज राजाचे नाही, सापडवणाऱ्याचे नाही, आणि मूळ मालकाचाही वंश सापडणे अवघड. ते अभ्यासाचे, पर्यायाने सर्वांचे.

किनाऱ्यावरील शाळांना यात खरे काम आहे. जाळ्यात येणारा दगडी नांगर किंवा निळ्या नक्षीचे खापर दिवाणखान्यात गेले की ते शोभेची वस्तू बनते, कारण ते कोठे, किती खोलीवर, कशाशेजारी होते ही माहिती हरवते. वस्तू जागची न हलवता जागा नोंदवणे आणि पुरातत्त्व खात्याला कळवणे, एवढे विद्यार्थ्यांना व त्यांच्या घरच्या नाखव्यांना पटले तरी पुष्कळ.

आणि दुसरे काम जिवंत माणसांसाठी आहे. नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ आणि मे २०२१ चे ‘तौक्ते’ ही दोन्ही वादळे हंगामाच्या त्याच दोन टोकांना आली, आणि कोकणच्या मच्छीमारांनी त्यांची किंमत मोजली. आज होड्यांना इंजिने आहेत, उपग्रहाचे इशारे आहेत. तरी शेवटच्या खेपेचा मोह तोच आहे आणि मालवणचे खडक जेथे होते तेथेच आहेत. फळ्यावरची ती आकृती काढताना जहाजाच्या जागी आपल्या गावची होडी काढावी. वर्गातल्या बऱ्याच मुलांना तांडेलाचे नावही सांगता येईल.